चिकटवलेली पानं

मुलीच्या शाळेनं यंदा इंग्रजीचं नवं पुस्तक लावलं. फोनचा कॅमेरा पानावर धरला की चित्रातले प्राणी फोनमध्ये पानावर उभे राहतात, चालतात. मुलं इंग्रजी घडाघडा वाचतात, पण अर्थ लागत नाही, म्हणून ही सोय, असं बाईंनी पालकसभेत सांगितलं. आधी बघायचं, मग फोन बाजूला ठेवून धडा वाचायचा आणि घरी कुणाला तरी मराठीत सांगायचा.

आमच्या घरात आता ऐकणारा मी एकटाच. तिची आई जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून मुलगी आईबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. ज्या दिवशी बोलेल, त्या दिवसाची मला भीती वाटे.

पुस्तक मी आधीच वाचून काढलं होतं. सहाव्या धड्यात हत्तीण मरते. त्या धड्याची दोन्ही पानं मी डिंकानं चिकटवून टाकली. जन्मभर पुस्तकं जपलेल्या माणसानं.

"बाबा, पाचनंतर एकदम सातवा धडा कसा?" तिनं पान उजेडात धरलं. "चिकटलंय. छापणारे काय झोपले होते का?"

पट्टीच्या कडेनं तिनं पानं सोडवली. काही ओळी डिंकाबरोबर निघाल्या, चित्र मात्र शाबूत राहिलं. फोन तिनं पानावर धरायला माझ्याकडे दिला. जेवणाच्या टेबलावर वीतभर हत्तीण आडवी झाली. पिल्लू तिला सोंडेनं ढकलत राहिलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

"फोन बाजूला नेऊ नका ना. नीट दिसत नाय."

मग तिनं फोन माझ्याकडून घेऊन उपडा ठेवला आणि फाटक्या ओळींवरून बोट फिरवत वाचलं. चिकलठाण्याकडे उतरणारं विमान घरावरून गेलं. मी ते जाईपर्यंत छताकडेच बघत राहिलो.

"हत्तीण मेली," ती म्हणाली. "पिल्लू लई वेळ थांबलं. मग कळपाबरोबर गेलं. खाली प्रश्न आहे, का गेलं? ती ओळच फाटलीय."

"तुला काय वाटतं?"

"भूक लागली असंल." ती पानाकडेच बघत होती. "आई गेली त्या दिवशी शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली होती, कडू घासाला. तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या. मी बघितलं."

मी टेबलावर सांडलेले डिंकाचे कण बोटानं गोळा करू लागलो.

"मीपण खाल्ली," ती म्हणाली, आणि उत्तर लिहायला लागली. मध्येच पेन्सिल थांबली. मी तिला 'हंग्री'चं स्पेलिंग सांगितलं.