एकाच साच्यातली डोकी

आमच्या फॅक्टरीच्या कॉलनीतल्या मराठी मंडळींना सोपं काम अवघड करून ठेवण्याची कला चांगलीच साधली होती, आणि तिचा त्यांना गर्वही होता. कुणाच्या घरचा पाट डुगडुगायला लागला तरी आधी ड्रॉइंग निघायचं, मग चर्चा, मग चहा. पाट आपला डुगडुगतोच आहे. मी त्याच कॉलनीत वाढले, तिथल्याच शाळेत शिकवायला लागले, त्यामुळे ही शहाणी माणसं मी पोटभर पाहिली आहेत.

बांगलादेशच्या लढाईचा तो हिवाळा. तोफांचे गाडे आमच्याच फॅक्टरीत बनायचे, म्हणून जबलपुरातला जो तो अशी छाती काढून चालायचा, जणू तोफ ह्यानेच खांद्यावर घालून सीमेवर पोचवली. लढाई जिंकली तसं कॉलनीतल्या मराठी मंडळाने ठरवलं, विजयाचा कार्यक्रम करायचा आणि तोही पंज्यावर चढवून नाचवायच्या बाहुल्यांचा. पुढारी अर्थातच फोरमनसाहेब. त्यांनी जन्मात कधी बाहुली हातात धरली नव्हती, पण तेवढ्याने गप्प बसतील तर ते फोरमनसाहेब कसले.

मंडळाच्या हॉलमध्ये फॅक्टरीसारखे सेक्शन पडले. डोक्यांचा, हातांचा, कपड्यांचा. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. तयार माल साहेबांच्या टेबलावर जायचा, ते तो उलटसुलट करून बघायचे आणि मानेखाली खडूने खूण करायचे. मी कपड्यांत होते. आम्ही शिवलेले झगे डोक्यांना बसेनात, तर दोन्ही सेक्शन आपापलं ड्रॉइंग नाचवत भांडत बसले. गळ्याचा टाका उसवावा, हे कुणाला सुचलं नाही.

डोक्यांच्या सेक्शनमध्ये आमच्या शेजारची वहिनी होती. तिचे सासरे फॅक्टरीत टर्नर, नवरा फौजेत, पश्चिमेच्या आघाडीवर. लढाई थांबली, बाकीच्या घरांत आपापल्या माणसांची खुशाली कळली, ह्याची मात्र काहीच खबर नव्हती. जिवंत आहे की नाही, तेही कुणी सांगेना. वहिनी दिवसभर घरचं उरकायची आणि संध्याकाळी हॉलमध्ये येऊन कागदाचा लगदा मळत बसायची.

नमुन्याचं पहिलं डोकं तिनेच मातीचं केलं. ते पाहिलं आणि माझ्या हातातली सुई थांबली. उजवी भुवई जरा वर चढलेली, हनुवटीला खळी, हसू ओठांच्या एकाच कोपऱ्यात. हुबेहूब तिचा नवरा.

"कोणाला सांगू नको," ती हळूच म्हणाली. "हा आपला जवान होऊन राहिला ना? जिंकून येईल शेवटी. तेवढंच पाहू दे मला."

फोरमनसाहेब डोकं पाहून खूश झाले. ते खूश झाले की त्यांना हमखास काहीतरी सुचायचं.

"एवढं फर्स्ट क्लास मुंडकं बनलं, तर दुसरं काहून बनवायचं?" ते म्हणाले. "साचा काढा. सगळी डोकी ह्याच्यातूनच. कोणताही पार्ट कुठंही बसला पाहिजे."

"मग आपला कोण आणि दुश्मन कोण, ते कळणार कसं?" मी विचारलं.

"अरे बाई, मिशी चिपकवा. हिरवा झगा घाला. झाला दुश्मन."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या इतक्या एकसारख्या हलल्या, की त्याही एकाच साच्यातून काढल्या असाव्यात. मी भांडभांड भांडले, पण खरं कारण सांगायची सोय नव्हती. "प्रॉडक्शन लेट होऊन राहिलं," म्हणून मला गप्प केलं. वहिनीने लगद्याची परात पुढे ओढली. साच्यातून तोच चेहरा निघत राहिला, अंगणात ओळीने वाळत राहिला आणि येणारे-जाणारे त्याचं कौतुक करून गेले. एकाही गाढवाने त्याला ओळखलं नाही. ह्याच्याच लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलब्या हाणल्या होत्या. मला त्या माणसांची अजूनही किळस येते.

मग बाहुल्यांचं वाटप झालं. जवान मिळाला साहेबांच्या जावयाला. हा गृहस्थ शहरातल्या नेपियर टाउनहून स्कूटरवर यायचा, भजी खायचा आणि जायचा.

"काकाजी, जवान मला द्या ना," वहिनी म्हणाली. तिने काही मागितलं ते एवढंच.

"बेटा, जवान बाईच्या हातात बरा दिसते का? तू दुश्मन घे. त्याला काय, नुसतं पडायचं आहे."

कार्यक्रमाला हॉल भरला. आम्ही बायका पडद्यामागे हात वर करून उभ्या. जावई जवानाला चटई झटकावी तसा झटकत होता. ढोल वाजला की एक दुश्मन पडायचा आणि टाळ्या व्हायच्या. तोच चेहरा पुन्हा पुन्हा खाली येत होता. वहिनी माझ्या शेजारी होती. तिच्या बाहुलीची पाळी आली, ढोल वाजला, आणि तिचा हात वरच राहिला.

पुन्हा ढोल वाजला. हॉलमध्ये खसखस पिकली.

"पाड ना!" साहेब कडेहून दबक्या आवाजात खेकसले. "काहून उभा ठेवून राहिली?"

जावई बावचळला आणि हातातल्या जवानाने त्या दुश्मनाला ढोसायला लागला. ढोसता ढोसता दुश्मनाची मिशी गळाली. आता वर दोन सारखे चेहरे एकमेकांवर आपटत होते आणि लोक पोट धरधरून हसत होते. शेवटी साहेबांनी पडदा ओढायला लावला आणि आत येऊन, एका बाईने साऱ्या मंडळाची इज्जत घालवली म्हणून तोंड सोडलं.

वहिनीचा हात तसाच वर होता. मी तिचं कोपर धरलं.

"वहिनी, संपलं सगळं. घे आता खाली."

"त्याची अजून काहीच खबर नाही आली," ती म्हणाली. "मग मी काहून पाडू?"