तेलाची वाटी आणि थोरली सून

आता काय सांगू तुम्हाला! थांबा, आधी चहाचा कप हातात घेते. हे सांगताना मला तुमच्या तोंडाकडे बघवत नाही, कपात बघायला बरं पडतं.

माझी सासू चौलात बाळंतिणींना तेल लावायची. काय तिचा हात! पोटावरून नुसता फिरवून सांगायची, कितवा दिवस आहे आणि बाईने काल काय खाल्लं. दोन वर्षं वाटी धरून तिच्या मागे फिरले आणि मला वाटायला लागलं, आता मलाही सगळं येतं. पण माझा हात चालायचा थोडा आणि तोंड फार. सासू नेहमी सांगायची, "आधी इचार, मंग तेल ओत." ऐकतंय कोण?

एके दिवशी विहिरीवर तिचा पाय मुरगळला. एका घरी ती रोज जात होती. माझ्या पोराला गोवर आल्यामुळे मी तिथे एकदाही गेले नव्हते. सासू म्हणाली, मागची खोली, पंधरा दिवसांची बाळंतीण, आजच्या दिवस तू जा. माझं पहिलं एकटीचं काम! हे नीट झालं असतं तर सासू पुढे मला एकटीला पाठवणार होती. मी वाटीभर खोबरेल कोमट केलं आणि जवळजवळ पळतच गेले.

बाळाला वारा लागू नये म्हणून खोलीच्या खिडकीला गोणपाट लावलेलं. आत काळोख. शेगडीपाशी एक बाई बसली होती, मांडीवर पोर. मांडीवर पोर, जवळ शेगडी! आणखी काय विचारायचं, तुम्हीच सांगा?

पोर बाजेवर ठेवायला लावलं, तिला चटईवर आडवी केली आणि ओतलं तेल. ती काहीतरी म्हणत होती बहुतेक. पण मी बोलत असताना दुसऱ्याला जागा कुठे असते?

पोटाला हात लावला आणि मी हरखलेच. पोट कसं घट्ट! म्हटलं, "बाय, काय पोट बसलंय तुजं! पोर झालं व्हतं आसं कुनी म्हननार बी न्हाय."

देवा! हे मी म्हणाले. ह्याच तोंडाने म्हणाले.

आणि एवढ्यावर थांबले का? छे! पहिलटकरीण आहेस ना, पुढच्या खेपेला इतकं दुखणार नाही, असंही सांगून टाकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, कळ लागतेय. मी आणखी जोर लावला. "रड," म्हटलं, "कळ भायेर पडते."

तास गेला. वाटी कोरडी झाली. जुन्या लुगड्याचा पट्टा मी तिच्या पोटाला आवळून बांधत होते, तेवढ्यात पोर भुकेने ओरडायला लागलं. "घे त्याला पदराखाली," मी म्हणाले. ती हललीच नाही.

दार उघडलं. एक पोरसवदा मुलगी झोपेतून उठून आली होती, चोळी दुधाने भिजलेली. "जाऊबाई, मला उठवलं का न्हाय?" म्हणाली आणि पोर घेऊन पाजायला बसली.

माझ्या हातात पट्ट्याची गाठ तशीच राहिली. धाकटीला रात्रभर झोप नव्हती म्हणून थोरलीने पोर सांभाळायला घेतलं होतं. थोरलीला स्वतःचं मूल नव्हतं. मी कुठे बघू? शेगडीत बघितलं. धाकटी चिडून मला काही बोलणार, तर थोरली म्हणाली, "तिला बोलू नको. तिनं इचारलं न्हाय, आनि मी बी सांगितलं न्हाय. धा वर्सं झाली या घरात, माज्या अंगाला कुनी आसा हात लावला न्हवता."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यात खऱ्या बाळंतिणीला लावायला तेलाचा थेंब उरला नव्हता.

घरी येऊन मी सासूला चक्क सांगितलं, सगळं झ्याक झालं. तिने विचारलं, पोट कसं आहे? "घट्ट," मी म्हणाले.

सासू दुखरा पाय चोळायची थांबली. "काल तर लोन्यावानी मऊ व्हतं." मग माझ्या तोंडाकडे बघून, "थोरलीला चोळून आलीस व्हय?"

मी रडत रडत शब्दन् शब्द सांगितला. वाटलं, आता वाटी काढून घेते. सकाळी बघते तर चुलीपाशी दोन वाट्या तेल कोमट करून ठेवलेलं. दुसरी कोणाला, मी विचारलं.

"थोरलीला. हात चांगला हाय तुजा, पन तोंड बंद ठेव."

ठेवलं हो! वाटेत कोणाशी बोलले नाही. खोलीत गेले, काळोखात बाई बसलेली, मांडीवर पोर. मुकाट्याने पोर उचलून बाजेवर ठेवलं, धाकटीची वाटी उचलली आणि ओतणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. हसू दाबत म्हणाली, "आज तरी इचार, बाय."

थोरलीच होती.