खिडकीकडच्या खाटा

माझी सून बावीस वर्षं इस्पितळात नर्स आहे. तोंडाने फटकळ, पण हात लोण्यासारखा मऊ. जखमेला चिकटलेली पट्टी काढताना पेशंट कळवळला की हिचाच जीव अर्धा होतो. मध्यंतरी तिथे न चिकटणाऱ्या नव्या पट्ट्या आल्या. त्यांनी जखम लवकर भरते, असं हिच्या मनाने घेतलं. पण मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनाने घेतलेलं चालत नाही. अभ्यास करून दाखवा. सोमवारी आराखडा पटला तर ठीक, नाहीतर पट्ट्या परत."

झालं! आठवडाभर आमच्या घरी कुणाच्या चहात साखर नाही, तर कुणाच्या चहात दोनदा.

रविवारी तिने मला कागद वाचून दाखवला. मी चौथी नापास, पण ऐकायला शाळा लागत नाही. खिडकीकडच्या सहा खाटांना नवी पट्टी, दाराकडच्या सहांना जुनी. कुणाची जखम आधी भरते ते बघायचं.

"मग तुझीच पट्टी जिंकणार," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"अगं, मी पंधरा दिवस पडले होते ना तुझ्या वॉर्डात? आल्या आल्या मला दारापाशी टाकलंस, तुझ्या टेबलाजवळ. उठून बसायला लागले तशी खिडकीकडे हलवलंस. कण्हणारे दाराकडे, बरे होत आलेले खिडकीकडे. लंगड्याशी धडधाकटाची शर्यत लावायची आणि वर बुटांचं कौतुक करायचं!"

बावीस वर्षं पेशंट या खाटेवरून त्या खाटेवर तिनेच हलवले होते, म्हणून तर तिला दिसलं नाही. तिने कागद टराटरा फाडला.

"आई, आधी का नाही बोललात?"

"तू आधी विचारलंस कुठे?"

नवा आराखडा चिठ्ठ्यांचा. पेशंट हो म्हणाला की चिठ्ठी उचलायची, निघेल ती पट्टी. जखम मोजायला दुसरी नर्स, तिला पट्टी कुठली ते सांगायचंच नाही. चिठ्ठ्यांच्या घड्या मी घातल्या. सोमवारी मंजुरी मिळाली.

पहिलाच पेशंट एक म्हातारा शिंपी, पट्टीला हात लावला की ओरडणारा. निघाली नेमकी 'जुनी'.

"आई, चिठ्ठी बदलायला हात नुसता शिवशिवत होता," घरी येऊन ती म्हणाली.

"बदललीस?"

"नाही. पण त्यांची पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून, हळूहळू सोडवली."

"एकट्याचीच?"

तिने कपाळावर हात मारला. मग चपला न काढताच खुर्चीत बसली, पिशवीतून कागद काढला आणि लिहिलं : जुनी पट्टी सगळ्यांचीच भिजवून काढायची.