आईची चाल

सावनी पेणहून रोज रोह्याला जायची. तिथल्या औद्योगिक वसाहतीत औषधांवर संशोधन करणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. एमएस्सी झाल्यापासून ती तिथेच होती आणि तिचं काम होतं उंदरांचं. पेणमधल्या बायकांना वाटायचं, ही उंदीर मारायचं औषध बनवते. मग तिची आई आनंदीबाई शांतपणे समजावायची, की नाही, कंपवातावर औषध शोधतात ते लोक. आधी उंदरांना तो आजार देतात आणि मग बरा करायला बघतात.

हे अगदी खरं होतं. उंदरांना एक रसायन टोचलं, की मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मरायला लागायच्या आणि पार्किन्सन्ससारखी, म्हणजे कंपवातासारखी लक्षणं दिसायची. ती मोजण्यासाठी एक खरखरीत दांडी उभी करायची आणि उंदराला तोंड वर करून तिच्या टोकाला ठेवायचं. धडधाकट उंदीर झटकन उलटा वळून सरसर खाली येतो. आजारी उंदीर वरच अडकतो. वळायचं असतं, पण अंग वळत नाही. जागच्या जागी इवलीइवली पावलं टाकत तो कसाबसा फिरतो. सावनीने हे इतक्यांदा पाहिलं होतं, की घड्याळ न बघताही तिला उंदीर कोणत्या गटातला ते कळायचं.

एका रविवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात चहा पीत उभी होती. आई ओट्यापाशी होती. कोथिंबीर काढायला ती फ्रिजकडे वळली आणि सावनीच्या हातातला कप तसाच राहिला. आई एका झोक्यात वळली नाही. जागच्या जागी चार-पाच छोटी पावलं टाकत, सगळं अंग एकत्र धरून ती फिरली. मग काहीच न झाल्यासारखी कोथिंबीर निवडायला बसली.

त्या दिवसापासून सावनीला दुसरं काही दिसेना. भाजी आणायला जाताना ती मुद्दाम आईच्या मागे राहायची. आईचा डावा हात चालताना हलायचा, उजवा अंगाला चिकटून राहायचा. आई हसायची कमी झाली होती, की चेहराच हलत नव्हता? वडील गोपाळमास्तर जाऊन काही वर्षं झाली होती, भाऊ नव्हता. घरात दोघीच. विचारायचं तरी कोणाला?

आणि विचारायची भीती वाटायचं कारण वेगळंच होतं. ते रसायन माणसालाही घातक असतं. ते हाताळताना दोन दोन हातमोजे, तोंडावर मास्क, आणि अंगातला ॲप्रन प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही, असा कडक नियम होता. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एकदा गाडी चुकेल म्हणून घाईत सावनीने ॲप्रन पिशवीत कोंबला होता. घरी आल्यावर आईने तो बाकीच्या कपड्यांबरोबर हाताने धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. तेव्हा सावनीला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता तो धुतलेला ॲप्रन तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मीच हे घरी आणलं, असं तिच्या मनाने घेतलं.

तिने आपले कपडे आईला धुवू देणं बंद केलं. आईने कारण विचारलं तर उडवून लावलं. आई दुखावली. सावनी बहाण्याबहाण्याने तिला उठवायची, बसवायची, बटणं लावायला सांगायची. डॉक्टरकडे जाऊ या, एवढं एक वाक्य मात्र तिच्या तोंडून निघत नव्हतं. निदान झालं की कारण विचारतील, आणि कारण तिला ठाऊक होतं. यात दिवाळी आली आणि गेली.

प्रयोगशाळेत तिच्या नोंदी चुकू लागल्या. दांडीवर अडकलेल्या उंदराकडे तिला बघवेना, ती मान फिरवायची. तिची वरिष्ठ अंतरा हिने दोनदा सांभाळून घेतलं. तिसऱ्यांदा मात्र तिला काही दिवस रजा घ्यायला सांगितलं. सावनीने रजेचं घरी सांगितलं नाही. रोज डबा घेऊन ती निघायची आणि रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी बसून परत यायची.

शेवटी आईनेच विषय काढला. दुपारची वेळ होती, रविवार होता. आई पाट सरकवत होती आणि सावनी तिच्या हाताकडे बघत होती. आई थांबली.

"तू माझ्याकडं उंदराकडं बघावं तशी बघतेस," ती म्हणाली. "काय दिसलंय ते सांग. मी मास्तरांची बायको हाय, मला सोपं करून सांगितलं की कळतं."

सावनीने सांगितलं. वळण्याचं, हाताचं, आणि मग ॲप्रनचं. ॲप्रनचं सांगताना तिला रडू आवरेना. आई ऐकत राहिली. मग तिने उजवा हात पदराखालून काढून मांडीवर ठेवला.

"हा हात शिमग्यापासून जड हाय," ती म्हणाली. "भाकरी थापता येत नाय नीट. तू नोकरी सोडशील म्हणून बोलले नाय. तुझा ॲप्रन मी त्याच्या मागनं, पावसात धुतला गो."

सावनीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, की इतके महिने आई एकटी हे सोसत होती. अंतराला तिने फोन केला. एकदा धुतलेल्या ॲप्रनमधून असं काही होण्याइतकं रसायन अंगात जात नाही, आधी विचारलं असतंस तर, असं अंतरा म्हणाली. दुसऱ्याच आठवड्यात मायलेकी पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी आईला चालवलं, वळवलं, बोटं आपटायला लावली. मग चालू असलेली सगळी औषधं दाखवायला सांगितली. आईने पिशवी टेबलावर रिकामी केली. प्रेशरची गोळी, कॅल्शियम, आणि एक चक्करेची. वडील गेले तेव्हा आईला फार गरगरायचं, तेव्हा कोणीतरी थोडे दिवस घ्यायला दिलेली. आई ती आजवर रोज घेत होती. दुकानदार ओळखीचा, कधी कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी ती चक्करेच्या गोळ्यांची पट्टी उचलून बाजूला ठेवली. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर नेमकी अशी लक्षणं देते, ते म्हणाले. बंद करायची. सहा महिने वाट बघायची. हळूहळू उतरलं तर गोळीचं, नाही उतरलं तर खरा आजार आतून सुरू झालेला असणार. मग त्यांनी आईला डोळे मिटायला सांगून कापूर आणि कॉफी हुंगवली. दोन्ही तिने ओळखली. पार्किन्सन्समध्ये बहुधा वास आधी जातो, तेव्हा हे चांगलं लक्षण, पण खात्री नव्हे, असं ते म्हणाले.

सावनी उंदरांना रोज औषधाने आजारी करत होती. आईलाही एखादं औषध तसं करत असेल, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ती गप्प राहिली ते सगळे महिने आई गोळी घेत होती, हे तिला अजून टोचतं.

पहिले दोन महिने काहीच फरक पडला नाही. सावनी कामावर परत गेली, पण घरी आल्या आल्या तिची नजर आईच्या हाताकडे जायची. आईने एकदा स्पष्ट सांगितलं, की हाताकडे बघायचं असेल तर आधी बाजूला बसून बोल. तेव्हापासून ती बसून बोलायला लागली. होळीच्या सुमाराला आईची भाकरी पुन्हा गोल व्हायला लागली. मेमध्ये डॉक्टरांनी तपासलं तेव्हा चाल बरीच सुटली होती. थोडा जडपणा आहे, वर्षभर लक्ष ठेवू, ते म्हणाले.

गेल्या आठवड्यात आईला तिच्या बहिणीकडे, विमलबाईंकडे, गडब गावी जायचं होतं. सावनी सोबत येते म्हणाली. आई नको म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून एकटीच रिक्षात चढली. सावनी कामाला निघाली, पण आई पोचल्याचा विमलमावशीचा फोन येईपर्यंत ती स्टेशनच्या बाकावरच बसून होती.