दाणा चेपून पाहणारा

इथे परदेशात, आमच्या पार्सिपनी गावात कोणाकडेही पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचं जेवण असो, विनय दाबके आधी किचनमध्ये शिरतो. झाकण उचलतो, भाताचं एक शीत काढतो, दोन बोटांत चेपतो आणि घरच्या बाईला निकाल ऐकवतो, "कच्चा आहे." शितावरून भाताची परीक्षा, एवढीच त्याची अक्कल. माणसांनाही तो असाच चेपून बघतो, आणि त्याच्या बोटांत आजवर कोणी शिजलेला निघाला नाही. मुलगा तर नाहीच नाही. मला हा माणूस आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मुलगा कबीर इन्शुरन्स कंपनीत होता आणि मनातून पार विटला होता. वीकेंडला गराजमध्ये जवाचं तयार सिरप आणून बिअर करायचा. गावातल्या एका छोट्या ब्रुअरीनं त्याला कामाला बोलावलं. आईची, सुनेत्राची, हरकत नव्हती. विनय म्हणाला, "सिरपची बिअर म्हणजे पाकिटातले गुलाबजाम. धान्यापासून करून दाखव, मग खुशाल नोकरी सोड." पोरानं ते मनावर घेतलं. बापानं एकदा 'जमलं' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गराजमध्ये शेगडीवर मोठं पातेलं चढलं. मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव त्यात पडले. पाणी चांगलं गरम हवं, पण उकळता कामा नये. तासाभरात दाण्यातल्या पिठाची साखर होते, आणि त्या साखरेची पुढे बिअर. उकळलं की ती साखर करणारं सत्त्वच मरतं. कबीरनं हे सगळं बापाला समजावलं, थर्मामीटरचा काटा कुठे राहायला हवा तेही दाखवलं. "बाबा, जस्ट वॉच इट. डोन्ट टच एनिथिंग," म्हणाला आणि पुढच्या कामासाठी बर्फ आणायला गेला.

गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच विनयनं झाकण उचललं. एक दाणा चेपला. कच्चा.

त्यानं आच मोठी केली. पातेलं रटरटलं. दाणा मऊ लागला तेव्हा त्याला बरं वाटलं, मग मुलाची आठवण झाली. भराभर गरम पाणी उपसून त्यानं झुडपात टाकलं, तेवढंच थंड ओतलं, काटा जागेवर आणला आणि झाकण ठेवलं.

तास भरल्यावर कबीरनं बशीत पातेल्यातलं थेंबभर पाणी घेऊन त्यावर आयोडीन टाकलं. साखर झाली असती तर आयोडीनचा तपकिरी रंग पालटला नसता. तो काळानिळा झाला. त्यानं दुसरी बशी आणली. तीही काळी.

"आय डिड एव्हरीथिंग राइट," तो म्हणत राहिला. "यू डिडन्ट टच इट, राइट?"

"मी कशाला हात लावू?" विनय म्हणाला. "तुझा पिंडच नाही तो. सोड नाद."

कबीरनं ती पेज कंपोस्टमध्ये ओतली, ब्रुअरीला नकार कळवला आणि पातेलं, शेगडी विकून टाकली.

यंदाची दिवाळी दाबक्यांकडेच होती. कबीरला प्रमोशन मिळालेलं. विनय सुनेत्राच्या पुलावाचं शीत चेपत आम्हाला रंगवून सांगत होता, "अरे, दाणा कच्चा होता यार! मीच आच वाढवली. पण बघा, पोरगं मार्गाला लागलं की नाही?" लोक हसले. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

कबीर किचनच्या दारात उभा होता, हातात कागदी प्लेट.

"यू टर्न्ड इट अप?"

विनयला अजूनही एक सॉरी म्हणता आलं असतं. त्यानं बोटावरचं शीत मुलापुढे धरलं. "कच्चा होता, तर काय करू? खोटं बोलू?"

कबीरनं प्लेट ओट्यावर ठेवली, बूट घातले आणि निघाला. सुनेत्रा अनवाणीच ड्राइव्हवेवर धावली, हाका मारत. गाडी थांबली नाही.

"येईल," विनय म्हणाला. पुलावाला अजून पाच मिनिटं हवीत असं सांगून त्यानं आच मोठी केली.