धनलालच्या फटफटीची मागची सीट

धनलाल टेंभरे आपल्या फटफटीवर मागे कुणालाही बसू देत नसे. सख्ख्या बापालाही नाही. गोंदियाचा बाजार करून नागऱ्याकडे पायी परतणारी गावची माणसं हात करत राहायची आणि हा पठ्ठ्या मोकळी सीट घेऊन त्यांच्या तोंडावर धुरळा उडवत निघून जायचा. एकदा शिवरात्रीच्या जत्रेत त्याच्या मामाने, पाय दुखून राहिले म्हणत, न विचारता मागे टांग टाकली. धनलालने गाडी बंद केली, मामाला खाली उतरवलं आणि ती जड गाडी ढकलत मामासोबत घरापर्यंत पायी गेला. मामा वर्षभर बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

दुसरी खोड त्याहून चमत्कारिक. खड्डा आला, नाला आला, रेल्वेचं फाटक आलं की मान किंचित मागे करून तो हळूच म्हणायचा, "धरून बस." मागे चिटपाखरू नसायचं. माझं सायकलचं दुकान गोंदियाला फाटकाच्या अलीकडेच होतं, त्यामुळे हे मी स्वतःच्या कानांनी कितीदा तरी ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

आमची ओळख त्या फटफटीमुळेच झाली. लढाईत तो पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या डोंगरांत फटफटीवरून निरोप पोचवायचं काम करायचा. परत आल्यावर जबलपूरला लष्कराच्या मोडीत निघालेली एक फटफटी त्याने घेतली आणि थेट माझ्या दुकानासमोर आणून उभी केली. मी म्हटलं, बाबा रे, मी सायकलवाला, मला यातलं काय कळतं? तर म्हणतो, "तुले पाने धरता येतात ना? मग झालं. सांगायले मी हाओ." असं मला न विचारताच त्याने आपला मिस्त्री करून टाकलं. माणूस उंच, काटक. मिशांचा भारी शौक, दोन्ही टोकांना तेल लावून पीळ दिलेला. बोलणं मात्र अगदी मोजकं. जास्तीत जास्त काय बोलला तर, "डोंगर कोनाले थांबवत नाई, पंढरीभाऊ. मानूस सोताच थांबते."

दरवर्षी धानाची मळणी आटोपली की तो डोंगरांत जायचा. एकटाच. वाघनदी ओलांडून बालाघाट, मग बैहरचा घाट, मग मंडला, आणि तिथून पुढे मैकल डोंगरातल्या वाटांनी पार अमरकंटकच्या पायथ्यापर्यंत. तेव्हा हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता. पुढे राज्यं वेगळी झाली, पण त्याच्या वाटेत काही फरक पडला नाही. वाटेत पलटणीतले दोस्त होते. बालाघाटला एक लॉरी चालवायचा, मंडल्याला नर्मदेच्या काठी पलटणीतला जुना खानसामा राहायचा. त्यांच्याकडे एकेक मुक्काम करत तो शेवटी एका लहानशा गावी पोचायचा. तिथे त्याच्या महापरसादाचं घर होतं.

हा महापरसाद काय, ते सांगायला हवं. आमच्याकडून छत्तीसगडाकडे सरकलं की दोन माणसांनी मैत्री 'बांधायची' रीत आहे. पुरीच्या जगन्नाथाचा वाळवलेला भात एकमेकांच्या तोंडात घातला की ते दोघे महापरसाद झाले. मग जात वेगळी असली तरी हरकत नाही. त्याची आई ती आपली आई, त्याच्या घरचं सुतक ते आपलं सुतक. एक मेला तर दुसऱ्याने सख्ख्या भावासारखं मुंडन करायचं, डोकं आणि मिशा दोन्ही काढायच्या. आणि जन्मभर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची तीही 'महापरसाद' म्हणूनच. पलटणीत कुणी ओडिया हवालदार रजेवरून येताना तो भात घेऊन आला होता. आमचा पोवार धनलाल आणि तिकडचा एक गोंड शिपाई अशा रीतीने तंबूत महापरसाद झाले.

दरवर्षी नव्या तांदळाची एक पिशवी तो महापरसादाच्या आईसाठी न्यायचा. पिशवी टाकीवर पोटाशी बांधायचा, मागच्या सीटवर कधी नाही. मी एकदा चिडूनच विचारलं, काऊन रे, मागे एवढी सीट रिकामी आहे, तिच्यावर बांध की. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाना उचलून चाकाकडे वळलो. तुझा महापरसाद कसा आहे, असं मी दर वेळी विचारायचो. "हाये," एवढंच म्हणायचा.

मग एका वर्षी मळणीच्या तोंडावर त्याचे वडील गेले. त्याने रीतीप्रमाणे डोकं काढलं, मिशाही काढल्या. मिशांवाचून तो ओळखूच येईना. तेरवी झाली आणि हा निघाला डोंगरांत. मी म्हटलं, घरात दुःख आहे, या वर्षी राहू दे. म्हणाला, "बुढी वाट पाहून राहिली असंन."

परत आला तो दुपारची वेळ होती. गाडी लावली आणि दुकानातल्या बाकावर बसला. मी चहा मागवला. मग त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यासमोर कधी इतकं बोलला नव्हता.

महापरसाद ब्रह्मदेशातच गेला होता. माघार घेताना जखमी महापरसादाला मागे बसवून धनलाल डोंगराच्या कडेकडेने गाडी हाकत होता. खाली नदी होती. वाट फुटलेली, वरून पाऊस. दर खड्ड्याला तो म्हणायचा, धरून बस. मागून हुं यायचं. एका वळणावर हुं आलं नाही. त्याने हात मागे नेला तर सीट रिकामी. गाडी टाकून तो धावत मागे गेला. खाली पाहिलं तर महापरसाद नदीच्या पाण्यावर पालथा वाहत चालला होता. सरकारने 'बेपत्ता' म्हणून घरी कळवलं. नक्की काय झालं ते पाहणारा एकटा धनलाल.

लढाई संपल्यावर तो सांगायलाच म्हणून त्या गावी गेला होता. अंगणात म्हातारी आली, तिने त्याचे गाल कुरवाळले आणि विचारलं, तू आलास, माझा कुठे आहे? आणि धनलालच्या तोंडून निघालं, मागून येऊन राहिला. बस. एकदा बोलला आणि फसला. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. खरं सांगायचं ठरवून प्रत्येक वर्षी घाट चढायचा आणि म्हातारीने भाकर पुढे ठेवली की गिळून बसायचा.

आणि त्या घरात महापरसादाची बायको होती. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तोच तो पलटणीत गेला होता. त्यांच्यात नवरा गेला तर धाकट्या दिराच्या नावाची चुडी भरतात, बाईचा संसार पुन्हा उभा राहतो. दीर चांगला होता, तयारही होता. पण नवरा मागून येऊन राहिला आहे म्हटल्यावर चुडी कोण भरणार? ती बाई एका शब्दापायी तशीच ताटकळत राहिली. धनलालला हे ठाऊक होतं. मला त्याचा संताप आला, तोंडावर बोललोसुद्धा. तो म्हणाला, बोल, आणखी बोल.

या वर्षी तो पोचला, नेहमीसारखा म्हातारीच्या पाया पडायला वाकला. वाकताना टोपी खाली पडली. म्हातारीने डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तिथेच थांबला. कोवळे केस तळव्याला टोचले असणार. तिने त्याची हनुवटी वर केली, मिशीची रिकामी जागा पाहिली. आपल्या लेकाच्या महापरसादाने डोकं काढलंय, मग आता विचारायचं काय राहिलं?

"मी सांगू शकत होतो, पंढरीभाऊ," धनलाल म्हणाला. "बाप मेला मनून डोस्कं काढलं, असं. थे खोटंबी नव्हतं. तोंडाशी आलं होतं." त्याने मिशीच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. "नाई बोललो."

आयुष्यभर जिथे बोलायला हवं होतं तिथे तो गप्प बसला. या एका वेळी मात्र त्याचं गप्प बसणं बरोबर होतं.

म्हातारी रडली, गाव गोळा झालं, क्रियाकर्म झालं. धनलाल सुतकात तिथेच राहिला, दिरासोबत पुन्हा डोकं काढून घेतलं. निघाला तेव्हा महापरसादाची बायको गाडीपाशी आली. शिवी देईल, थुंकेल, असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली की दरवर्षी घाटात गाडीचा आवाज आला की मी बांधावर धावत जात होते, मागे दुसरा माणूस दिसतो का पाहायला.

हे सांगून त्याने चहाचा थंड झालेला कप बाजूला सारला आणि मागची सीट काढून टाकायला सांगितली. नट गंजले होते. रॉकेल ओतून, पान्याला नळी लावून ते सोडवावे लागले. सीट मी दुकानाच्या माळ्यावर टाकली. पुढच्या वर्षी तो पुन्हा तांदूळ घेऊन गेला. आल्यावर म्हणाला, चुडी भरली. त्या दिवशी त्याने मला स्वतःच्या पैशाने जिलेबी खाऊ घातली. इतकं मोकळं हसताना मी त्याला तेव्हाच पाहिलं. मला वाटलं, सुटला एकदाचा. आणि लगेच गाडी सुरू करून फाटकावर गेला. रूळ ओलांडताना मान किंचित मागे केली. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण ओठ हललेले दिसले. मागे सीटसुद्धा नव्हती.

धनलाल तापाने गेला. पोटाचा ताप होता, पंधरवडाभरही तगला नाही. मळणी नुकतीच झाली होती, डोंगरात न्यायची तांदळाची पिशवी भरून ठेवलेली होती. बैहरच्या मोटारीवरच्या माणसाकरवी मी पुढे निरोप धाडला. पोचेल याची काही खात्री नव्हती.

तेरवीच्या दिवशी दोन माणसं विचारत विचारत नागऱ्याजवळच्या त्याच्या घरी आली. एक ती बाई, दुसरा तिचा दीर, आता नवरा. त्याचं डोकं ताजं काढलेलं, मिशाही नव्हत्या. म्हातारी आता उठू शकत नव्हती. तिने दोघांना धाडलं होतं. पोवाराच्या अंगणात एका गोंडाने पोवारासाठी डोकं काढून बसावं, हे पाहून जमलेली मंडळी कुजबुजू लागली. धनलालचा तोच मामा उठला आणि त्याने पाहुण्याला आपल्या शेजारी पाटावर बसवलं.

बाई मात्र बसली नाही. पडवीत फटफटी उभी होती, तिथे गेली. मागच्या बाजूला नट सोडलेली भोकं होती, त्यांवरून तिने बोट फिरवलं. मला विचारलं, सीट कुठे गेली? मी सांगितलं, त्यानेच काढायला लावली, माझ्याकडे आहे. तिकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि धनलालनेही ते कधी घेतलं नव्हतं. त्यामुळे ज्याच्याविषयी ती बोलली त्याचं नाव मला आजवर ठाऊक नाही.

"लगा दे, भइया," ती म्हणाली. "ओ कहाँ बइठही?"

मी सायकल काढली, गोंदियाला दुकानात गेलो, माळ्यावरून सीट खाली घेतली आणि परत येऊन तिच्यादेखत ती बसवली. नवे नट घातले आणि पाना लावून घट्ट आवळले.