आमोण्याच्या नदीची कॅसेट

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा ठेवायला जाणाऱ्यांतली मी. डिचोलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि देवळात गेलेच तर रोषणाईचे फोटो काढायला. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

गोवा घटक राज्य झालं, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. आमोण्याच्या घरात बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण शालू असे तिघंच होतो. आई तापाने गेली त्याला काही वर्षं झाली होती. शालू जन्मापासून बहिरी, त्यामुळे बोलणंही नाही. वयाने मोठी झाली होती, पण घरात तिच्याशी सगळं हातवाऱ्यांनीच चालायचं.

माझ्या मामेभावाने मुंबईहून टीव्हीला जोडायचा छोटा कंप्युटर आणून दिला होता. टेपरेकॉर्डर त्याला लावला की आवाजाप्रमाणे पडद्यावर रेघा हलतील, असा प्रोग्रॅम मी बऱ्याच खटपटीने जमवला. मग खोलीत अंधार व्हावा म्हणून जनेलावर काळी चादर टाकायची, पडद्यासमोर कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं आणि लेन्ससमोर रंगीत जिलेटीनचा कागद फिरवायचा. फोटोत ना झाड, ना माणूस - नुसता उजेड.

"हे किते गो? फिल्म खराब जाली?" बाबा विचारायचे.

शालू मात्र तासन् तास पडद्यासमोर बसायची. तिला पहिल्यांदाच आवाज दिसत होते! बाबांची रेघ जाड आणि आखूड, माझी काटेरी. दारावर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू आला की ती खुदकन हसायची. हळूहळू, कुणाचा आवाज आहे हे ती मी न सांगता ओळखू लागली.

एका रविवारी मी बांधावर जाऊन नदीचा आवाज टेप केला. कॅसेट कोरी होती, तिचं वेष्टन मी तिथेच फाडलं. आसपास कुणी नव्हतं. पाणी, आणि लांबवर खनिजाच्या बार्जचं इंजिन - बस्स.

दुपारी ती टेप लावली. शालू आधी नुसती बघत होती. मग एकदम उठली, तळवा पडद्यावर ठेवला, आणि वळून कपाळावर बोटाने मोठं गोल काढलं. आमच्या घरात त्या खुणेचा अर्थ एकच - आई.

मी नकारार्थी मान हलवली. नदी, नदी, असं हातांनी दाखवलं. तिने माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर धरला. तेव्हा आठवलं... लहानपणी आई बोलत असली की शालू तिच्या मांडीवर बसून तिच्या गळ्याला हात लावून ठेवायची. आईचा आवाज तिला माहीत होता, तो असा.

मी टेप बंद केली. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर शालू घरात नव्हती. बाबा सोप्यावर झोपलेले. मी सरळ बांधाकडे धावले. ती पाण्यात उभी होती, कमरेपर्यंत, माझ्याकडे पाठ करून. भरतीची वेळ. आणि हाक मारून काही उपयोग नव्हता... मी साडीसकट आत शिरले. चिखलात पाय रुतत होते. दंड धरला तेव्हा ती दचकली, पण तिने विरोध केला नाही.

काठावर आणून मी तिला हातांनीच विचारलं, आई बोलावते?

तिने नाही म्हटलं. मग तळवा पुढे करून ढकलल्यासारखं केलं - मागे जा, मागे जा. आई रागावतेय, असं सांगत होती. लहानपणी नदीजवळ गेली की आई तिला अशीच ओरडायची.

"मग गेलीस कशाला?" मी खुणा विसरून तोंडानेच ओरडले. तिला ओठांवरून कळलं असावं. तिने एक बोट स्वतःकडे केलं, मग रागावल्याचा चेहरा केला, मग दोन्ही हात रिकामे दाखवले. आता तिला कुणी रागवत नाही.

मी बाबांना सगळं सांगितलं. "ती टेप मला ऐकव," एवढंच म्हणाले. ऐकली. "उदक गो हे, बाय. नुसते उदक."

कॉलेजातल्या ओळखीच्या सरांना पडद्यावरच्या त्या रेघा दाखवल्या. इंजिनाची घरघर पाण्यात मिसळून तसा आकार येत असेल, म्हणाले. मी त्याच बांधावर, बार्ज जात असताना आणखी टेप केल्या, आणि त्या पहिल्या टेपसकट सगळ्यांवर कागद चिकटवून उलटसुलट क्रमाने शालूला पडद्यावर दाखवल्या. दर वेळी ती त्या पहिल्या कॅसेटपाशीच थांबली. बाकीच्या तिने ढुंकून पाहिल्या नाहीत.

शालू पुन्हा नदीवर गेली नाही. पण अधूनमधून ती टेप लावायला सांगते, मी लावते. ती पडद्यासमोर मान खाली घालून बसते, ओरडा खाणाऱ्या पोरीसारखी, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान असतं. मी कान लावून ऐकते. मला आजवर पाण्याशिवाय काही ऐकू आलेलं नाही.